शेवटच्या दिवसाचा मान

लांबच्या पायी प्रवासांत शेवटच्या दिवसाला जो मान मिळतो, तो सगळाच त्याचा स्वतःचा नसतो. लग्नघरांत आठ दिवस चुलीपुढें राबलेल्या बायकांचें नांव कोणी काढीत नाहीं, आणि मांडवाच्या दाराशीं उभे राहून अत्तर लावणाऱ्या गृहस्थांची मात्र सर्वांना आठवण राहते. तसाच कांहींसा हा प्रकार आहे. प्रवास संपवून घरीं आलेल्या माणसाला जो तो विचारतो, "पोंचलांत केव्हां? वर काय पाहिलेंत?" मधल्या एखाद्या दुपारीं, कोठेंच पोंचण्याची आशा नसतांना, तुम्हीं पाऊल कसें उचललेंत हें कोणी विचारीत नाहीं. आमचा अनुभव असा कीं, मनुष्य पहिल्या दिवशीं चालतो, मधल्या दिवसांत सोसतो आणि शेवटच्या दिवशीं मोजतो. आणि मोजणें हें चालण्याहून सोपें खास नाहीं.

हा अनुभव आम्हांला गेल्या डिसेंबर महिन्यांत आला. अकोला जिल्ह्यांतील नरनाळ्यापासून अमरावती जिल्ह्यांतील गाविलगडापर्यंत आम्ही चौघे जण सहा दिवसांत पायीं गेलों. वऱ्हाडच्या उत्तर अंगास सातपुड्याची जी रांग भिंतीसारखी उभी आहे, तिच्या माथ्यावर हे दोन किल्ले आहेत. अकबराच्या वऱ्हाड सुभ्यांत गाविल आणि नरनाळा अशीं दोन सरकारें याच किल्ल्यांच्या नांवांनीं ओळखलीं जात. यावरून त्यांचा दरारा ध्यानांत यावा. डोंगराच्या धारेवरूनच एका किल्ल्याहून दुसऱ्या किल्ल्यास जावें अशी आमची मूळची हौस. परंतु १९७३ सालीं देशांत व्याघ्रप्रकल्प सुरू झाला तेव्हां पहिल्या नऊ वनांत मेळघाटाची निवड झाली, आणि त्याच्या गाभ्याच्या रानांत पायीं हिंडण्यास आज मनाई आहे. ती योग्यच आहे. ज्याच्या घरावरून जावयाचें त्याच्या इच्छेला मान देणें हा साधा शिष्टाचार होय. म्हणून आम्हीं असें ठरविलें कीं, पहिल्या दिवशीं नरनाळा चढून उतरावा, मग डोंगराचा पदर धरून पूर्वेकडे चालत राहावें, आणि शेवटच्या दिवशीं धामणगांव गढीच्या बाजूच्या गाडीरस्त्यानें घाट चढून गाविलगड गांठावा.

चौघांत सर्वांत वडील ते मास्तर. तीस वर्षें त्यांनीं एका शाळेंत इतिहास शिकविला, आणि निवृत्त होऊनहि त्यांना दहा वर्षें लोटलीं आहेत. प्रवासाची कल्पना त्यांचीच. १८०३ सालच्या युद्धाचा धडा शिकवितांना ते फळ्यावर आडगांव, अचलपूर, गाविलगड आणि अंजनगांव असे चार ठिपके काढीत आणि ते रेघांनीं जोडीत. "ह्या रेघा मीं खडूनें तीसदां काढल्या, आतां एकदां पायानें काढायच्या आहेत," असें ते म्हणत. सहलीच्या मोटारींतून ते गाविलगडास अनेकदां जाऊन आले होते; पण जो किल्ला खालून येणाराला थकविण्यासाठीं बांधला, तो मोटारींतून जाऊन पाहणें म्हणजे परीक्षेस न बसतां प्रमाणपत्र घेऊन येणें, अशी त्यांची समजूत. दुसरे आमचे डॉक्टर, तिसरा बँकेंत नोकरीस असलेला आमचा भाचा, आणि चवथे आम्ही.

पहिले पांच दिवस आतां आठवूं गेलें तर ते वेगळे निघत नाहींत. ओल्या कागदांसारखे एकमेकांस चिकटून बसले आहेत. शहानूरच्या पायथ्याहून नरनाळ्याची चढण, आणि वर १४८७ सालीं फतेउल्ला इमादुल्मुल्कानें उभारलेला तो महाकाली दरवाजा, एवढें मात्र स्पष्ट दिसतें. ओबडधोबड काळ्या तटांत एवढें नाजूक कोरीव काम पाहून, लढवय्या पुरुषाच्या हस्ताक्षराकडे पाहून वाटावें तसें कौतुक वाटलें. मग अकोट. त्याच्या पश्चिमेस आडगांव; तेथें २९ नोव्हेंबर १८०३ रोजीं भोसले-शिंद्यांच्या फौजेचा इंग्रजांनीं मोड केला. मग अंजनगांव सुर्जी. त्याच वर्षीं ३० डिसेंबरास शिंद्यांनीं इंग्रजांशीं केलेल्या तहाला ह्या गांवाचें नांव मिळालें आहे. मग पथ्रोट. दोन्ही बाजूंस कापसाचीं शेतें, वेचणीचे दिवस, तुरीच्या शेंगा भरत आलेल्या, आणि डाव्या हातास सदैव तो निळसर डोंगर, जवळहि न येणारा आणि दूरहि न जाणारा. एका शेतकऱ्यानें बैलगाडी थांबवून आम्हांला विचारलें, "कायले पायी चालून राह्यले जी? यष्टी नाही भेटली काय?" मास्तरांनीं त्याला युद्ध, तह आणि फळ्यावरील ठिपके हें सगळें सांगितलें. त्यानें तें आदरानें ऐकून घेतलें आणि म्हणाला, "मंग बसा ना गाडीत. तेवढंच जवळ होईन." वऱ्हाडी माणसाचें आतिथ्य इतिहासाच्या आड येत नाहीं.

पथ्रोटास पोंचेपर्यंत मास्तरांचा उजवा गुडघा सुजला. पांचव्या दिवशीं परतवाड्याहून धामणगांव गढीस आम्ही जे आलों, ते अक्षरशः त्यांच्या काठीच्या तालावर. त्या रात्रीं डॉक्टरांनीं विषय काढला. गुडघ्याची त्यांना फारशी फिकीर नव्हती. तीन वर्षांपूर्वीं मास्तरांच्या हृदयाच्या एका रक्तवाहिनींत जाळी बसविलेली आहे, हें आम्हां सर्वांना ठाऊक होतें. पण पांच दिवसांच्या गप्पांत तें कोणीं उच्चारलें नव्हतें.

"मास्तर, मीं परवानगी दिली ती सपाटीची," डॉक्टर म्हणाले. "अचलपूर समुद्रसपाटीपासून सुमारें पावणेचारशें मीटर, आणि चिखलदरा सुमारें अकराशें. उद्यां तुम्ही एस्. टी.नें वर या. आम्ही चालत येतों. चहा तयार ठेवा."

मास्तर बराच वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, "डॉक्टर, पांच दिवस चाललों तें ह्या एका दिवसासाठीं. तो तुम्ही काढून घेतलात तर मागच्या पांचांचें काय करूं?"

ह्यावर आमच्याजवळ उत्तर नव्हतें. मित्राला त्याच्या हट्टापासून वांचवावें, कीं हट्टासकट त्याला सोबत करावी, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं. वांचविणारा शहाणा ठरतो. पण तो शहाणपणा दुसऱ्याच्या आयुष्यांतून खर्च होत असतो. उलट सोबत करणारा उदार दिसतो. पण कांहीं विपरीत घडलें तर त्या औदार्याला कोणी क्षमा करीत नाहीं. डॉक्टरांनीं शेवटीं मधला मार्ग काढला. घाटांत मास्तरांनीं सारखें बोलत राहायचें. पुरें वाक्य एका दमांत बोलतां येईल, इतक्याच वेगानें पाऊल टाकायचें. वाक्य मधेंच तुटलें कीं थांबायचें. थांबूनहि नाडी ठिकाणावर आली नाहीं, अथवा छातींत जराहि कळ आली, तर जी पहिली गाडी येईल तिला हात करायचा, आणि तेथें वाद नाहीं. हृदयाच्या रोग्याचा वेग ठरविण्याची ही साधी रीत वैद्यकांत मान्य आहे, असें त्यांनीं सांगितलें. तीस वर्षें वर्गांत सलग बोललेल्या माणसाला ही अट घालणें म्हणजे माशाला पोहण्याची शिक्षा देणें होतें. मास्तरांनीं ती तात्काळ स्वीकारली.

सहाव्या दिवशीं उजाडतांना थांब्यापाशीं एक कोरकू कुटुंब बसलेलें दिसलें. नवरा, बायको, दोन मुलें, भांड्यांचें गांठोडें, आणि टोपलीखालीं एक कोंबडी. दिवाळी झाली कीं मेळघाटांतील कितीतरी कोरकू कामासाठीं पठारावरून खालीं मैदानांत उतरतात आणि होळीला घरीं परततात. होळी हाच त्यांचा मोठा सण. त्यांची भाषा मुंडा कुळांतील. त्या कुळांतील सर्वांत पश्चिमेकडे बोलली जाणारी भाषा हीच. आपसांत तीं त्या भाषेंत बोलत होतीं, आमच्याशीं हिंदींत बोललीं. आम्ही वर चाललों आहों हें ऐकून तो गृहस्थ म्हणाला कीं, वर आतां थंडी फार आहे, पांघरुणें घेतलीं आहेत ना? एवढेंच. आम्हीं जेथें पोंचण्यासाठीं सहा दिवस घातले, तेथून तीं नुकतींच निघालीं होतीं. आणि त्यांचा शेवटचा दिवस होळीला यायचा होता. तो दिवस त्यांच्या मुलांनीं बोटांवर किती वेळां मोजला असेल, तें आम्हांला कळण्यास मार्ग नव्हता.

घाट सुरू झाला. साडेसहा कोटी वर्षांपूर्वींच्या लाव्ह्याचे थर एकावर एक बसून हा डोंगर झाला आहे. त्यामुळें त्याची चढण जिन्यासारखी आहे. एक टप्पा संपला म्हणून श्वास सोडावा, तों पुढचा उभा. सागाचीं पानें पिकून तांबूस झालेलीं; एखादें गळालें तर कोणी वहीचें पान टराटर फाडावें तसा आवाज होई. वळणावरच्या कठड्यांवर वानरें ओळीनें बसलेलीं. भाचा मैलाचे दगड मोजीत होता, डॉक्टर घड्याळ मोजीत होते, आम्ही मास्तरांचे श्वास मोजीत होतों, आणि मास्तर व्याख्यान देत होते.

विषय अर्थात् गाविलगडाचा वेढा. आडगांवच्या लढाईनंतर आर्थर वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन हे अचलपुरास आले. हाच वेलस्ली पुढें ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ सालीं वॉटर्लू येथें नेपोलियनाशीं लढला. वेलस्ली स्वतः किल्ल्याच्या दक्षिणेस राहिला. त्या बाजूस डोंगराचा कडा असा तुटलेला आहे कीं, तटाचें काम निम्में निसर्गानेंच करून ठेवलें आहे. उत्तरेस मात्र किल्ल्याचा डोंगर पुढच्या पठाराशीं जोडलेला आहे. तेथें पोंचतां आलें तर तोफा डागतां येतील. तेथें जाण्याचें काम स्टीव्हन्सनकडे आलें. ७ डिसेंबरास तो निघाला आणि १२ डिसेंबरास पोंचला. जड तोफा आणि दारूगोळा दऱ्यांतून, टेकड्यांवरून, जेथें वाटच नव्हती तेथें वाट फोडीत, माणसांनीं हातांनीं ओढून नेला.

"सहा दिवस," मास्तर म्हणाले, "आपल्याइतकेच. फक्त आपल्या पाठीवर पिशव्या, आणि त्यांच्या दोरांना तोफा. त्या दोरांना कोण होते, त्यांचीं—"

वाक्य तेथेंच तुटलें.

डॉक्टरांनीं काठी टाकून मनगट धरलें. मास्तर एका दगडावर बसले. कपाळावर घाम, ओंठ पांढरटलेले. आम्ही आणि भाचा काय करावें हें न सुचून उगीच पिशवींतलें पाणी पुढें करीत होतों. घाटांत कमालीची शांतता होती. दूर खालीं गाडीचा आवाज येऊं लागला तो म्हणून फार स्पष्ट ऐकूं आला. एस्. टी. चढत होती. एक वळण, दुसरें वळण. आवाज नाहींसा होई आणि पुन्हां जवळून उठे. डॉक्टरांची बोटें नाडीवर आणि डोळे घड्याळावर. "छातींत कांहीं?" मास्तरांनीं मान हलविली, नाहीं. "डाव्या हातांत? जबड्यांत?" नाहीं. गाडी शेवटच्या वळणावर दिसली. आमचा हात आपोआप वर जाऊं लागला होता. डॉक्टर घड्याळावरची नजर न काढतां म्हणाले, "थांबा."

गाडी धूळ उडवीत निघून गेली. कंडक्टरनें दारांतून वांकून पाहिलें. रस्त्याच्या कडेला बसलेल्या चार प्रौढ माणसांविषयीं त्याला काय वाटलें असेल कोण जाणे. आणखी थोड्या वेळानें डॉक्टरांनीं मनगट सोडलें. "उतरली," ते म्हणाले. "दुपारीं दुसरी गाडी आहे. तोंवर घाई नाहीं." इतक्या वर्षांच्या स्नेहांत त्यांचा हात कांपतांना आम्हीं पाहिला तो त्या वेळीं.

तासभर आम्ही तेथेंच बसलों. मग मास्तरांनीं आपलें वाक्य जेथें सोडलें होतें तेथूनच उचललें: "—त्यांचीं नांवें कोठें लिहिलेलीं नाहींत." आणि आम्ही उठलों.

त्यानंतरची चाल आम्हीं आयुष्यांत चाललेली सर्वांत संथ चाल असेल. शंभर पावलें आणि विश्रांति, पुन्हां शंभर पावलें. दुपारची गाडी आली. त्या वेळीं नाडी ठीक होती, म्हणून तीहि गेली. मागें वळून पाहिलें तर पूर्णेचें खोरें सबंध दिसे: जवळ संत्र्याच्या बागांचे हिरवे चौकोन, मग काळ्या जमिनीचे पट्टे, आणि त्यांपलीकडे जेथें विहिरींना खारें पाणी लागतें तो खारपाणपट्टा धुरकट होत गेलेला. गेले पांच दिवस आम्ही त्या चित्राच्या वरच्या कडेनें मुंगीसारखे सरकत आलों होतों. चालतांना एकेक गांव एकेक युगासारखें लांबलें होतें. येथून तें सारें अंतर दोन बोटांत मावत होतें.

मोथा गांवीं आम्ही पठारावर आलों तेव्हां ऊन कलंडलें होतें. गवळ्यांच्या म्हशी घरीं परतत होत्या. गाविलगडाला नांव मिळालें तें ह्या गवळ्यांवरूनच, असें सांगतात. तेथें आटवलेलें दूध प्यालों आणि तसेच पुढें चालूं लागलों. चिखलदरा ओलांडून किल्ल्याच्या फाटकापाशीं पोंचेतों सूर्य मावळला होता. वनखात्याच्या रखवालदारानें अदबीनें सांगितलें कीं, गड पाहण्याची वेळ संपली आहे. आतां सकाळीं या.

भाचा अगदींच हिरमुसला. सहा दिवस चालून दार बंद! आम्हीं मास्तरांकडे भीत भीत पाहिलें. ते फाटकाला हात लावून उभे होते. समोर अंधारांत तटाची काळी रेघ तेवढी दिसत होती. "ठीक आहे," ते म्हणाले. "तो इतक्या सहजासहजीं उघडणारा नव्हेच."

त्या रात्रीं चिखलदऱ्याच्या थंडींत, दोन दोन घोंगड्या पांघरून, त्यांनीं वेढ्याची उरलेली हकीकत सांगितली. १५ डिसेंबरास तटाला पडलेल्या खिंडारांतून इंग्रजांनीं बाहेरचा किल्ला घेतला. आंतल्या किल्ल्याचें दार दाद देईना, तेव्हां कॅप्टन कँपबेल कांहीं शिपायांनिशीं शिड्या लावून तटावर चढला आणि त्यानें तें आंतून उघडलें. किल्लेदार बेनीसिंग आणि त्याचे राजपूत लढतां लढतां पडले. दोनच दिवसांनीं, १७ तारखेस, देवगांव येथें भोसल्यांनीं तह केला आणि वऱ्हाडावरील त्यांचा बहुतेक हक्क संपला.

"तीस वर्षें मीं पेपरांत विचारलें, गाविलगड केव्हां पडला?" मास्तर म्हणाले. "उत्तर, १५ डिसेंबर, दोन गुण. पण किल्ला पडला तो पंधरा तारखेस नव्हे. सात ते बारा ह्या सहा दिवसांत, कोठल्या तरी दरींत, दोर हातांत धरलेल्या माणसांनीं तो पाडला. पंधरा तारखेला तो पडलेला दिसला एवढेंच. त्या सहा दिवसांना मीं कधीं एक गुणसुद्धां ठेवला नाहीं." आणि थोडें थांबून, "काल मीं तुम्हांला विचारलें ना डॉक्टर, शेवटचा दिवस काढून घेतलात तर मागच्या पांचांचें काय करूं? तो प्रश्न चुकला होता. ते पांच माझेच होते. आज तुम्हीं गाडी थांबविली असतीत, तरीहि ते माझेच राहिले असते."

"हें सकाळीं सांगितलें असतेंत तर माझी नाडी तरी ठिकाणावर राहिली असती," डॉक्टर म्हणाले.

सकाळीं आम्हीं किल्ला पाहिला. दरवाजावरचे सिंह आणि दोन तोंडांचा गंडभेरुंड पाहिला, तलाव पाहिले. उत्तरेच्या बाजूस, जेथून तोफा आल्या, तेथें मास्तर बराच वेळ एकटे उभे होते. दिसायला तेथें कांहीं नाहीं. गवत, झुडपें आणि पलीकडे रान. ह्या रांगेच्या उत्तर उतारावर पडलेलें पावसाचें पाणी सिपन्यासारख्या नद्यांतून तापीस जातें, आणि दक्षिणेस पडलेलें चंद्रभागेनें पूर्णेस मिळतें. ह्याच माथ्यावर एकमेकांशेजारीं पडलेले दोन थेंब पाठी फिरवून निघतात, आणि शेकडों मैलांची वाट चालून जळगांव जिल्ह्यांत चांगदेवापाशीं, पूर्णा तापीस मिळते तेथें, पुन्हां एक होतात. डॉक्टर आणि मास्तर ह्या दोघांकडे पाहून आम्हांला त्या थेंबांची आठवण झाली. पण तें आम्ही त्यांना बोलून दाखविलें नाहीं.

उतरतांना चौघेहि एस्. टी.नें उतरलों. धामणगांवच्या थांब्यावर आतां कोणी नव्हतें. परतवाड्यास गाडी बदलली, आणि पथ्रोट, अंजनगांव, अकोट हीं गांवें, ज्यांतील प्रत्येकानें आमचा एकेक दिवस खाल्ला होता, खिडकींतून भराभर मागें गेलीं. मास्तर झोंपले होते.

मध्यंतरीं एका समारंभांत त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें त्यांना विचारलें, "सर, गाविलगडला पायीं गेलांत म्हणे! वर काय पाहिलेंत?" मास्तर म्हणाले, "सांगतों. बैस. पहिला मुक्काम शहानूर." विद्यार्थ्यानें घड्याळाकडे पाहिलें, पण मास्तरांचा विद्यार्थी तो, खुर्ची ओढून बसला.